क्रोमियम: भांड्यात निर्धोक, वाफेत घातक

तो रुग्ण आला तो सर्दीची तक्रार घेऊन. वय चाळिशीच्या आत. "डॉक्टर, धुळीची ॲलर्जी आहे. नाकात सारखी खपली धरते, ओढली की रक्त येते. आणि श्वास घेतला की शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो." दोन वर्षे तो ॲलर्जीच्या गोळ्या घेत होता. टॉर्च लावून नाकात पाहिले, तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक होते. त्याला ते माहीतच नव्हते, कारण ते कधी दुखलेच नव्हते.

"काम काय करता?" असे विचारल्यावर उत्तर आले, "प्लेटिंगमध्ये आहे. क्रोमच्या टाकीवर." किती वर्षे? "नऊ." पुढचे निदान जवळपास याच दोन उत्तरांनी झाले. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

डोंबिवलीत दवाखाना चालवताना एक गोष्ट वारंवार जाणवते. आपण रुग्णाला काय खाता, किती झोपता हे विचारतो. पण कशावर काम करता हे विचारायचे राहून जाते. रुग्णही ते आपणहून सांगत नाही. दुसरीकडे, ज्यांचा कारखान्याशी काही संबंध नाही अशी मंडळी मात्र "स्टीलच्या भांड्यात क्रोमियम असते म्हणे, कॅन्सर होतो का?" असे काळजीने विचारतात. ज्याला खरा धोका आहे तो निश्चिंत आणि ज्याला नाही तो घाबरलेला, असा हा उलटा प्रकार आहे. म्हणून क्रोमियम म्हणजे नेमके काय, ते कुठे निर्धोक असते आणि कुठे घातक ठरते, हे या लेखात समजून घेऊ.

क्रोमियम म्हणजे काय?

क्रोमियम हे चकचकीत, रुपेरी आणि अतिशय कठीण मूलद्रव्य आहे. त्याचा अणुक्रमांक २४ असून ते सुमारे १९०० अंश सेल्सिअसला वितळते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या एका लाल-नारिंगी खनिजात ते शोधले. त्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी, जांभळी अशी रंगीबेरंगी असतात. म्हणून 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. माणकाचा लाल रंगसुद्धा त्यातल्या थोड्याशा क्रोमियममुळेच येतो.

भारतात क्रोमियमचे खनिज, म्हणजे क्रोमाइट, प्रामुख्याने ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून येते. आपल्याकडे सिंधुदुर्गात कणकवली परिसरातही त्याचे लहान साठे आहेत.

यातले बहुतेक क्रोमियम पोलादात जाते. तिथे ते दोन कामे करते:

- पोलाद कठीण करणे: पोलादातल्या कार्बनशी संयोग होऊन क्रोमियमचे अतिशय टणक कण तयार होतात. शिवाय तापवून थंड करताना पोलाद आतपर्यंत कठीण होते. बॉलबेअरिंगच्या पोलादात साधारण दीड टक्का क्रोमियम असते, तर ठशांच्या आणि कापणाऱ्या हत्यारांच्या काही पोलादांत ते बारा टक्क्यांपर्यंत जाते.
- गंज रोखणे: क्रोमियमचे प्रमाण साधारण साडेदहा टक्क्यांच्या पुढे गेले की पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे हा थर पुन्हा तयार होतो. हेच आपले स्टेनलेस स्टील. इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे हॅरी ब्रेअरली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत असताना १९१३ मध्ये त्यांच्या हाती असे पोलाद लागले.

स्वयंपाकघरातला डबा, आमच्या दवाखान्यातली कात्री आणि चिमटा, इंजेक्शनची सुई हे सगळे क्रोमियममुळेच गंजापासून वाचते.

एकच धातू, तीन रूपे

क्रोमियमचा धोका ते कोणत्या रूपात आहे यावर ठरतो. ही तीन रूपे लक्षात ठेवली तर बाकीचा लेख सोपा होईल.

- धातूरूप क्रोमियम: भांडी, नळ, बेअरिंग, सुऱ्या यांमधले. ते पोलादात घट्ट बांधलेले असते आणि शरीरात सहज शिरत नाही.
- क्रोम-३, म्हणजे ट्रायव्हॅलंट क्रोमियम: अन्नात अत्यल्प प्रमाणात असते. चामडे कमावायलाही हेच वापरतात. पेशींच्या आवरणातून ते फारसे आत जात नाही, त्यामुळे विषारीपणा कमी.
- क्रोम-६, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम: क्रोमिक ॲसिड, डायक्रोमेट आणि क्रोमेट रंगद्रव्ये यांमधले. खरा धोका या रूपाचा आहे.

क्रोम-६ इतके घातक का? आपल्या पेशींना सल्फेट आणि फॉस्फेट लागतात आणि त्यांना आत घेण्यासाठी पेशीच्या आवरणावर ठरलेल्या वाटा असतात. क्रोमेटचा आकार त्यांच्यासारखाच असल्याने पेशी त्याला ओळखीचा समजून आत घेते. आत गेल्यावर क्रोम-६ चे टप्प्याटप्प्याने क्रोम-३ होते आणि या प्रक्रियेत पेशीतल्या डीएनएला इजा होते. म्हणजे जे क्रोम-३ बाहेर असताना बऱ्यापैकी निरुपद्रवी, तेच पेशीच्या आत तयार झाले की नुकसान करते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये क्रोम-६ ची संयुगे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. धातूरूप क्रोमियम आणि क्रोम-३ यांच्याबाबत मात्र तसा पुरावा नाही, असे त्याच संस्थेने म्हटले.

टाकीवर नेमके काय होते?

नळ, स्कूटरचे भाग किंवा यंत्रांचे दांडे यांवर क्रोमचा मुलामा देण्यासाठी टाकीत क्रोमिक ॲसिडचे कोमट, गडद द्रावण असते. त्यात जॉब लटकवून वीज सोडतात. या विजेचा थोडासाच भाग मुलामा चढवण्यात खर्ची पडतो. बऱ्याच विजेमुळे पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात. प्रत्येक बुडबुडा पृष्ठभागावर फुटताना क्रोमिक ॲसिडचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतो. टाकीवर दिसणारी पिवळसर वाफ म्हणजे हेच तुषार. त्यातले क्रोमियम क्रोम-६ असते. जॉब टाकीतून बाहेर काढून धुतला की त्यावर उरते ते धातूरूप क्रोमियम. म्हणून क्रोमचा नळ वापरणाऱ्याला धोका नाही, पण तो चमकवणाऱ्याला आहे.

हे तुषार श्वासाबरोबर नाकात जातात आणि मधल्या पडद्याच्या पुढच्या भागावर बसतात. या पडद्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. वरच्या नाजूक त्वचेतूनच तिला पोषण मिळते. ती त्वचा दोन्ही बाजूंनी जळली की कूर्चा उपाशी मरते आणि भोक पडते. हे सगळे बहुधा न दुखता होते. आधी नाक वाहणे, मग खपल्या, रक्त, आणि शेवटी शिट्टीसारखा आवाज. हे भोक आपोआप भरून येत नाही.

हातावरही असेच होते. बोटांची पेरे, नखांच्या कडा, मनगट अशा जागी बारीक ओरखडा असेल तर तिथे क्रोमिक ॲसिड शिरून खोल, गोल, कडा उचललेले व्रण होतात. आकाराच्या मानाने ते आश्चर्य वाटावे इतके कमी दुखतात. ग्लासगोमधल्या रंगाऱ्यांच्या हातावरचे असे व्रण विल्यम क्युमिन या डॉक्टरांनी १८२७ मध्येच नोंदवले होते. म्हणजे वैद्यकशास्त्राला हा आजार जवळपास दोनशे वर्षे माहीत आहे.

अनेक वर्षे श्वासातून क्रोम-६ जात राहिले तर दमा होऊ शकतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा कर्करोग काम सुरू केल्यानंतर बहुधा खूप वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही दिसतो. तोवर माणसाने नोकरी बदललेली असते आणि जुने काम कुणाला आठवत नाही. त्यात विडी-सिगारेटची भर पडली तर धोका आणखी वाढतो.

आणखी कुणी सावध राहावे?

*स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग करणारे.* ग्रील, रेलिंग, हॉटेलची टेबले बनवणारी फॅब्रिकेशनची दुकाने आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. स्टीलमधले क्रोमियम एरवी निर्धोक असते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि धुरात क्रोम-६ तयार होते. रॉडने केलेल्या वेल्डिंगच्या धुरात ते विशेष असते. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही.

*गवंडी आणि बिगारी.* सिमेंटमध्ये क्रोम-६ अत्यल्प असते, पण ओले सिमेंट रोज हाताला लागून त्याची ॲलर्जी बसू शकते. हात कोरडे पडतात, भेगा जातात, खाज सुटते. एकदा ही ॲलर्जी बसली की बहुधा वर्षानुवर्षे राहते. डेन्मार्कने १९८३ मध्ये सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून क्रोम-६ कमी करण्याचा नियम केला आणि तिथे बांधकाम कामगारांमधला हा त्रास घटला. आपल्याकडे रबरी हातमोजे आणि काम संपताच हात धुणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

*क्रोमेट रंगद्रव्ये हाताळणारे.* पिवळे-नारिंगी रंग आणि गंजरोधक प्रायमर यांच्या पावडरीत क्रोम-६ असू शकते. त्यात बहुधा शिसे किंवा जस्तही असते.

वाफ नाकावर उडाली, ॲसिड अंगावर सांडले, तर?

हा भाग टाकीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. क्रोमिक ॲसिडने भाजलेली जागा लहान दिसली तरी ती साध्या भाजण्यासारखी नसते. त्वचेतून क्रोमियम रक्तात जाऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

- भिजलेले कपडे, बूट, हातमोजे लगेच काढा.
- वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवा. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या ठेवून धुवा.
- हळद, टूथपेस्ट, मलम काही लावू नका.
- जखम छोटी असली तरी थेट रुग्णालयात जा आणि "क्रोमिक ॲसिडने भाजले आहे" असे स्पष्ट सांगा. डब्यावरचे लेबल किंवा त्याचा फोटो सोबत न्या.
- पुढचे काही दिवस लघवी कमी होते आहे का, याकडे लक्ष ठेवा.

रोजच्या कामात कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत मोठी जबाबदारी कारखान्याची आहे. टाकीच्या कडेलाच वाफ खेचून घेणारी यंत्रणा हवी. द्रावणात वाफ दाबणारे रसायन किंवा पृष्ठभागावर तरंगणारे प्लास्टिकचे गोळे यांनीही तुषार कमी होतात. शोभेच्या मुलाम्यासाठी क्रोम-३ चे द्रावण वापरण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे. मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

कामगाराने स्वतः एवढे करावे:

- योग्य दर्जाचा रेस्पिरेटर, लांब हातमोजे, ॲप्रन आणि गॉगल वापरावेत.
- टाकीजवळ चहा, जेवण, तंबाखू, विडी नको. बोट नाकात घालू नये.
- हाताला ओरखडा असेल तर तो पट्टीने झाकल्याशिवाय कामाला लागू नये.
- कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. घरी येण्याआधी हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत.
- निदान सहा महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडून नाकाची आतून आणि हातांची तपासणी करून घ्यावी.

लघवीतील क्रोमियमची तपासणी करता येते. ती आठवड्याच्या शेवटच्या दिवशी शिफ्ट संपल्यावर केली तर उपयोगी ठरते, पण ती अलीकडचा संपर्कच दाखवते. ॲलर्जीचा संशय असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात.

हक्काचे काय?

'क्रोमचे व्रण' हा आजार १९४८ च्या कारखाना कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला. म्हणजे असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचे असते. राज्य कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत क्रोमियममुळे होणारे आजार व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले होते आणि त्या कामावर सलग सहा महिने असलेला विमाधारक कामगार लाभ मागू शकत होता. ज्यांना हा विमा नाही त्यांच्यासाठी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात तशीच तरतूद होती.

अडचण पुराव्याची येते. कंत्राटी कामगाराकडे अनेकदा नोकरीचा कागदच नसतो. म्हणून ओळखपत्र, पगाराची पावती, विमा क्रमांक जपून ठेवा. डॉक्टरांना केसपेपरवर "प्लेटिंग, क्रोमची टाकी, इतकी वर्षे" असे लिहायला सांगा. ती एक ओळ पुढे फार कामाला येते.

घरातले प्रश्न

स्टीलच्या भांड्यात स्वयंपाक करावा का? निश्चिंतपणे करा. आंबट पदार्थ बराच वेळ शिजवले तर थोडे क्रोमियम आणि निकेल अन्नात उतरते, हे खरे आहे. अमेरिकेत टोमॅटो सॉसवर झालेल्या एका अभ्यासात नव्या भांड्यातून ते जास्त उतरले आणि पुढच्या काही वापरांत बरेच कमी झाले. म्हणून अगदी नव्या पातेल्यात पहिल्या काही दिवसांत टोमॅटोचे सार किंवा पन्हे रात्रभर ठेवू नका, इतकेच. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलावे. आणि चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, हा समज चुकीचा आहे. निकेल कमी असलेल्या हलक्या प्रतीच्या काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही.

मधुमेहासाठी क्रोमियमच्या गोळ्या घ्याव्यात का? औषधांच्या दुकानात क्रोमियम पिकोलिनेटच्या गोळ्या मिळतात. त्यात क्रोम-३ असते, त्यामुळे त्या क्रोम-६ इतक्या घातक नाहीत. पण उपयोगाचा भक्कम पुरावाही नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन त्यांची सरसकट शिफारस करत नाही. क्रोमियम शरीराला अत्यावश्यक आहे, हेच सिद्ध होत नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये म्हटले. त्याची कमतरता जवळपास फक्त दीर्घकाळ शिरेतून पोषण घेणाऱ्या रुग्णांत दिसली आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर या गोळ्या टाळा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

चपलेने पायाला पुरळ येते, ते क्रोमियममुळे का? असू शकते. बहुतेक चामडे क्रोमियमने कमावलेले असते. पॅच टेस्टमध्ये ॲलर्जी ठरली तर झाडाच्या सालीने कमावलेले चामडे वापरून पाहता येते. अस्सल कोल्हापुरी चप्पल परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. घेताना तशी खात्री करून घ्या.

हळदीत क्रोमियम असते का? हळदीत नसते, भेसळीत असू शकते. पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट मिसळल्याचे आढळले आहे. त्यात क्रोम-६ आणि शिसे दोन्ही असतात आणि मुलांच्या मेंदूला शिशाचा धोका मोठा असतो. शक्य तर हळकुंडे आणून दळून घ्या. हळकुंड पाण्यात टाकताच भडक रंग सुटला तर ते वापरू नका.

आपल्या पाण्याचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले होते. ७० च्या पुढचे क्षेत्र अतिप्रदूषित मानले जाते. हा आकडा सर्व प्रकारच्या प्रदूषणाचा आहे, एकट्या क्रोमियमचा नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. शुद्ध करून येणाऱ्या नळाच्या पाण्यापेक्षा कारखान्यांजवळच्या बोअरवेलच्या पाण्याबाबत जास्त सावध राहा. ते पिण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाणी उकळल्याने क्रोमियम जात नाही, आरओ यंत्राने ते बरेच कमी होते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

प्लेटिंग, स्टीलचे वेल्डिंग, क्रोमेट रंग किंवा सिमेंट यांपैकी कशावर काम करत असाल आणि पुढीलपैकी काही जाणवत असेल, तर थांबू नका:

- नाकात वारंवार खपली, रक्त किंवा शिट्टीसारखा आवाज
- हातावर न भरणारा, न दुखणारा व्रण
- कामाच्या दिवशी वाढणारा आणि सुट्टीत कमी होणारा खोकला किंवा धाप
- तीन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे

सुरुवातीला ज्या रुग्णाबद्दल सांगितले, त्याच्या नाकातले भोक गोळ्यांनी बुजणारे नव्हते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, मलम आणि टाकीपासून दूरचे काम एवढ्याने खपल्या आणि रक्त थांबले. पडद्याला बटणासारखी पट्टी बसवणे किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग कान-नाक-घसा तज्ज्ञ सुचवतात. सिगारेट त्याने सोडली. फुप्फुसांची तपासणी मात्र त्याला दरवर्षी करावी लागणार आहे. दोन वर्षांपूर्वी कुणी "काम काय करता?" असे विचारले असते, तर कदाचित पडदा वाचला असता. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारले नाही, तरी तुम्ही स्वतः आपले काम सांगा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*